पेशंट "मी गे आहे" म्हणाला, तर डॉक्टरने काय करावं?

डॉक्टर, तुमचा प्रश्न असा: शहाद्याजवळच्या तुमच्या दवाखान्यात तापासाठी आलेल्या तरुणाने आपण गे असल्याचं सांगितलं, तुम्ही नीटच बोललात, तरी तो पुन्हा फिरकला नाही, कमी काय पडलं? खानदेशात बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम करते आहे, त्यावरून सांगते.

बहुतेकदा भीती डॉक्टरची नसते, पडद्याबाहेरच्या बाकाची असते. त्या बाकावर गावचं कुणीतरी बसलेलंच असतं आणि कंपाउंडर पेशंटच्या मामाच्या ओळखीचा निघतो. पडदा काढून दार बसवा. सोबत आलेल्यांना "तपासतो, जरा बाहेर थांबा" हे प्रत्येक पेशंटच्या वेळी सांगा. एकालाच वेगळं घेतलं की बाहेर कुजबुज सुरू होते. आणि त्याच्या घरच्या नंबरवर चौकशीचा फोन अजिबात करू नका.

"लगीन व्हयनं का?" हे आपण मायेनेच विचारतो, पण पेशंट तिथेच गप्प होतो. त्याऐवजी "जोडीदार आहे का?" विचारा. गरज असेल तर "संबंध पुरुषाशी, बाईशी की दोघांशी?" हेही खोकला किती दिवस आहे विचारतो त्याच आवाजात. ताप असेल तर आधी ताप तपासा. गे म्हटल्याबरोबर एचआयव्हीची चिठ्ठी हातात ठेवू नका. जोखीम ऐकून घ्या, मग संमती घेऊन टेस्ट सुचवा. असुरक्षित संबंधाला ७२ तास झाले नसतील तर मात्र पीईपीसाठी (एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्यांसाठी) लगेच पाठवा. हिपॅटायटिस बीची लस बहुतेकांची राहिलेली असते, तेही बघा.

लेस्बियन बायकांचं याहून अवघड. अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या एकीला माझ्यासमोर "मिस्टरांना घेऊन या" असं सांगितलं गेलं. ती बाई उठून गेली ती गेलीच. बाईचे बाईशी संबंध म्हणजे धोका नाही असं धरून गर्भाशयमुखाची तपासणीही टाळतात, पण एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू, बाईकडून बाईलाही लागतो. शिवाय यातल्या कित्येकींचं लग्न घरच्यांनी लावून दिलेलं असतं, हे विसरू नका.

"पोलिसांना कळवावं लागतं का?" असं अजून डॉक्टर मला विचारतात. नाही. सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत.

सगळ्यात कठीण वेळ येते ती घरचे भगताकडून फिरून तुमच्याकडे आले की: "साहेब, याला गोळी द्या, सुधरवा." इथे मऊ पडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे "बदलण्याचे" उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर त्यावर इलाज करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आई-बापाच्या नव्हे, त्याच्या हातात द्या.

धुळ्याला किंवा नाशिकला पाठवताना आजाराशी संबंध नसेल तर तो गे असल्याचं चिठ्ठीत लिहू नका. असेल तर त्याला विचारून लिहा आणि पाकीट बंद करून त्याच्याकडेच द्या. मानसिक आजारावर उपचार घ्यायचे असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली तो जोडीदारालाही आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचे निर्णय घ्यायला मदत करणारा माणूस, नेमू शकतो, हेही त्याला सांगून ठेवा.