चीनच्या यादवी युद्धात सैन्य जास्त असूनही चँग कै शेक का हरला?

चँगला हरवणाऱ्या कम्युनिस्टांचा नेता माओ, त्याच्या डावपेचांबद्दल सगळेच बोलतात. मला मात्र नोटांचा छापखाना जास्त महत्त्वाचा वाटतो. चँगच्या सरकारने युद्धाचा खर्च नोटा छापून भागवला. ऑगस्ट १९४८ मध्ये नवं चलन आणलं, तेव्हा जुने तीस लाख युआन दिले की नवा एक मिळायचा. काही महिन्यांत तोही नुसता कागद! असल्या पगारावर कोण जीव देणार?

उलट कम्युनिस्टांनी उत्तरेत जमीनदारांच्या जमिनी काढून गरीब शेतकऱ्यांना वाटल्या. चँग जिंकून जमीनदार परतला की जमीन गेलीच, म्हणून शेतकरी कम्युनिस्टांच्या मागे उभे राहिले. ह्वायहायच्या निर्णायक लढाईत लाखो शेतकऱ्यांनी एकचाकी हातगाड्यांवरून धान्य आणि दारूगोळा आघाडीवर पोचवला. जानेवारी १९४९ मध्ये तर सरकारच्याच सेनापतीने, फू त्सोयीने, कम्युनिस्टांनी वेढलेलं पेकिंग (आजचं बीजिंग) वाटाघाटी करून त्यांना देऊन टाकलं.