वाचकांचे प्रश्न : प्रागचं घड्याळ, गार्नेट आणि ‘बेझ मासा’

युरोपच्या सहलीसंबंधी आलेल्या पत्रांत या वेळी चेकियाच्या राजधानीनं बाजी मारली. म्हणून हे सदर सबंध प्रागचंच.

दिवाळीच्या सुट्टीत चार रात्री प्राग आणि तीन रात्री व्हिएन्ना असा बेत आहे. व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा? थंडी झेपेल ना?
(कॉलेज रोड)

अर्ज चेकियाचा करा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा; त्याला मुक्काम जिथं जास्त तो देश लागतो. दोन्हीकडचे दिवस सारखे असतील तर जिथं आधी उतराल तो. अर्ज भरल्यावर ‘व्हिएन्नाला एक रात्र वाढवू’ म्हणत बुकिंगं फिरवली की कागद एकमेकांशी जुळेनासे होतात, आणि फाइल तिथंच अडते. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा आणि तो परतीचा दिवस धरून. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. बोटांच्या ठशांसाठी मुंबई गाठावी लागणार, तेव्हा वेळ दुपारची मागा; सकाळी साडेनऊची घेऊन कसारा घाटात ट्रकांमागे बसू नका.

थंडीचं सोडा, उजेडाचं बघा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथं पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, आणि 1 नोव्हेंबरपासून किल्ल्यातल्या इमारती चारलाच बंद होतात. म्हणून किल्ला सकाळी, चार्ल्स पूल आणि दिवे संध्याकाळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्या दिवशी रेल्वे किंवा विमान असेल तर नीट पाहा. बूट रबरी तळाचे घ्या. ओल्या दगडी फरशीवर गुळगुळीत तळ सरळ घसरतो.

आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यातले दोघं अंडंही खात नाहीत. आठ दिवस पावावर काढावे लागतील का?
(पंचवटी)

नाही, पण दोन शब्द पाठ करून जा. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. आपल्या कानाला मासा ऐकू येतो, पण चेक ‘मासो’ हा आपल्या ‘मांसा’चाच भाऊबंद आहे, माशाला तिकडे ‘रिबा’ म्हणतात. दुसरा शब्द ‘बेझ वायेत्स’, म्हणजे अंड्याशिवाय. तेवढ्यावर निर्धास्त मात्र होऊ नका. मांस नाही म्हटल्यावरही सुपात हॅमचे तुकडे येऊ शकतात, म्हणून ‘बेझ शुंकी’ हेही वेगळं सांगा. मेन्यूत ‘साद्लो’ दिसलं तर ती डुकराची चरबी, ‘स्लानिना’ म्हणजे बेकन, ‘वीवार’ म्हणजे बहुधा हाडांचं पाणी.

अंड्यासाठी एक सोपी खूण आहे. बऱ्याच मेन्यूंत पदार्थापुढे बारीक आकडे छापलेले असतात. ते किमतीचे नव्हेत, ॲलर्जीचे: 1 म्हणजे गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं, 3 म्हणजे अंडं, 4 मासे, 7 दूध. 3 दिसला की पुढे जा. आकडे नसतील तर मागा, ती माहिती त्यांना द्यावीच लागते. पण चरबी या यादीत येत नाही, ती तोंडी विचारावी लागते.

आता पदार्थ. ‘स्माझेनी सीर’ म्हणजे बोटभर जाड चीजची वडी, मैदा, अंडं आणि पावाचा चुरा यांत घोळवून तळलेली. सोबतच्या टार्टर सॉसमध्येही अंडं. अंडं चालणाऱ्यांनी एकदा जरूर खावी. ‘ब्राम्बोराक’ दिसायला आपल्या बटाट्याच्या थालीपिठासारखा, लसूण आणि मार्जोरमची सुगंधी पानं घातलेला, पण त्यात अंडं असतं आणि तळण चरबीत असू शकतं. ‘चोच्का ना किसेलो’ म्हणजे व्हिनेगर घालून आंबट केलेली घट्ट मसूर. वर अंडं किंवा सॉसेज ठेवतात, ते नको म्हणून सांगा. ‘स्वीच्कोवा’चा पिवळसर, सायीचा रस्सा पाहून ‘नुसती ग्रेव्ही द्या’ म्हणाल, पण ती गोमांसाबरोबरच शिजलेली असते.

जुन्या शहराच्या चौकाजवळ ‘मैत्रेया’ आणि थोडं पुढे ‘लेह्का ह्लावा’ ही शाकाहारी रेस्टॉरंटं आहेत; संध्याकाळी टेबल आधी राखून ठेवा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना इस्कॉनवाल्यांचं ‘गोविंदा’ बरं. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत अकरा ते दोनच्या दरम्यान ‘पोलेद्नी मेन्यू’ म्हणजे दुपारच्या जेवणाचा मेन्यू मागा, तेच जेवण संध्याकाळपेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि गल्लोगल्ली फिरवत भाजलेला तो ‘त्रदेल्निक’ नावाचा गोड पाव प्रागचा जुना पदार्थ म्हणून विकतात. खा खुशाल, पण तो जुना नव्हे. पर्यटकांबरोबर गेल्या काही वर्षांत आलेला.

पैसे इथून काय न्यावेत? तिथं फसवतात असं ऐकलं.
(नाशिक रोड)

तिथलं चलन कोरुना, युरो नव्हे. काही दुकानं युरो घेतात, पण स्वतःच्या भावानं. फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डावर, कोरुना सहसा मिळत नाही, आणि युरोच्या कार्डातून कोरुन्यात खर्च केला की वरचा आकार लागतो. तो किती, हे कार्ड घेतानाच विचारून ठेवा.

फसगत होते ती पाटीवर. ‘0% कमिशन’ मोठ्या अक्षरांत, आणि खाली दोन रकाने: ‘नाकुप’ म्हणजे खरेदी, ‘प्रोदेय’ म्हणजे विक्री. तुम्ही युरो देणार, म्हणजे ते खरेदी करणार, म्हणून तुमचा भाव ‘नाकुप’चा. चांगला दिसणारा ‘प्रोदेय’चा आकडा बाहेर लावतात आणि माणूस तो वाचून आत शिरतो. नोट देण्याआधी ‘इतक्या युरोंचे हातात किती?’ एवढंच विचारा. तरी चुकलंच, तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जा. 1,000 युरोंपर्यंतचा व्यवहार रद्द करायचा हक्क 2019 पासून कायद्यानं दिला आहे. रस्त्यावर हळूच ‘चेंज?’ म्हणणाऱ्याकडे वळूनही पाहू नका. त्याच्या नोटा भलत्याच देशाच्या, चलनातून गेलेल्या निघतात.

एटीएम बँकेच्या दारातलं वापरा. ‘रुपयांत आकारणी करू का?’ असं यंत्र विचारेल, तेव्हा नाही म्हणा आणि कोरुन्यातच पैसे काढा. चौकातल्या ठेल्यांवर हॅम आणि भाज्या वजनावर विकतात. पाटीवरचा भाव 100 ग्रॅमचा असतो, आणि वाढणाऱ्याचा हात सैल.

विमानतळावरून टॅक्सी लागतेच असं नाही. 59 नंबरची ट्रॉलीबस ‘नाद्राझी वेलेस्लाविन’ला सोडते, तिथून मेट्रोची ए लाइन थेट जुन्या शहरात. कागदी तिकीट पिवळ्या पेटीत एकदाच छापून घ्यायचं. मेट्रोत जिन्याच्या आधीच. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, तपासनीस ऐकत नाही. ॲपवरचं तिकीट चालू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, ते गाडी समोर दिसल्यावर काढू नका.

पंचांग पाहण्याची सवय आहे. प्रागच्या प्रसिद्ध घड्याळात राशी असतात म्हणे. ते वाचता येतं का?
(मेनरोड)

येतं, आणि पंचांग कळणाऱ्याला इतरांपेक्षा लवकर येतं. 1410 साली कादान गावच्या मिकुलाश या घड्याळजीनं ते बनवलं. ज्योतिर्गणित यान शिंदेल या विद्वानाचं मानतात. कारागिराचे डोळे काढल्याची गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. ती दंतकथा. लोक मात्र तासाला खिडक्यांतून फिरणारे येशूचे बारा प्रेषित, घंटा वाजवणारा सांगाडा आणि शेवटी आरवणारा कोंबडा एवढंच पाहून पांगतात. तो खेळ मिनिटभराचा, सकाळी 9 ते रात्री 11. त्या गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा. खरं घड्याळ पाहायचं तर तास वाजून दहा मिनिटांनी जा, समोर कुणी नसतं.

वरच्या तबकडीवर निळा भाग म्हणजे दिवस, खालचा काळा म्हणजे रात्र, मधला तांबूस पट्टा संधिप्रकाशाचा. डावीकडे ‘ऑर्टुस’ म्हणजे उदय, उजवीकडे ‘ओक्कासुस’ म्हणजे अस्त. सोन्याचा हात रोमन आकड्यांवर नेहमीची वेळ दाखवतो, 24 तासांची; दुपारचे बारा वर, मध्यरात्र तळाला. त्याच्या बाहेरच्या काळ्या वलयावर जुने गॉथिक वळणाचे 1 ते 24 आकडे आहेत. ही जुनी बोहेमियन वेळ (बोहेमिया म्हणजे प्रागभोवतीचा चेक प्रदेश). आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यांचा दिवस सूर्यास्ताला संपे. म्हणून हे वलय वर्षभर पुढेमागे सरकतं आणि 24 चा आकडा बरोबर मावळतीवर येतो. हात 20 वर असेल तर उजेडाचे चार तास उरले. नोव्हेंबरात फिरणाऱ्याला याहून उपयोगी घड्याळ नाही.

निळ्या भागातल्या वक्र सोनेरी रेषा दिनमानाचे बारा भाग करतात. आपण राहुकाळासाठी दिनमानाचे आठ भाग करतो, तसंच हे. भाग उन्हाळ्यात लांबतात, हिवाळ्यात आखूड होतात.

आणि राशी. आतलं, मध्यापासून सरकलेलं वलय राशीचक्राचं. त्यावर सोन्याचा सूर्य आणि अर्धा काळा, अर्धा चंदेरी चंद्राचा गोळा फिरतो. गोळा स्वतःभोवती वळतो, त्यावरून शुक्ल-कृष्ण पक्ष आणि साधारण तिथी सांगता येते. पण सूर्याची रास आपल्या पंचांगाशी ताडून ‘घड्याळ चुकलं’ म्हणू नका. ते सायन आहे. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, हा त्यांच्या मेषेचा आरंभ; आपलं चक्र निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेलं. दोघांत आज सुमारे 24 अंशांचं अंतर. म्हणून त्या तबकडीवर सूर्य मकरेत शिरतो 21-22 डिसेंबरला, आणि आपण तिळगूळ वाटतो 14 जानेवारीला. वलयावर एक छोटी सोनेरी चांदणीही आहे. ती संपातबिंदूशी बांधलेली, नाक्षत्रकाल, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली वेळ, दाखवते.

मे 1945 च्या लढाईत घड्याळ जळलं, जुने लाकडी प्रेषित गेले. आत्ताचे नंतर कोरलेले. 1948 ला घड्याळ पुन्हा सुरू झालं.

आई-वडील सत्तरीचे, दोघांचे गुडघे दुखतात. किल्ला जमेल?
(इंदिरानगर)

जमेल, चढायचं नाही, उतरायचं. 22 नंबरची ट्राम वर नेते. ‘पोहोर्झेलेत्स’ थांब्यावर उतरलात तर किल्ला उताराला लागतो. तिकीट दोन दिवस चालतं, सगळं एका दमात उरकू नका. सेंट व्हायटस कॅथेड्रल (पाया 1344 चा, पूर्ण झालं 1929 ला) रविवारी दुपारी बारानंतर उघडतं. चौकातल्या जुन्या टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. चार्ल्स पूल 516 मीटर, सपाट पण दगडी. सकाळी सातच्या आधी गेलात तर तीस पुतळे निवांत दिसतील. ज्यूंचं संग्रहालय शनिवारी बंद. पिंकास सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे 80,000 ज्यूंची नावं हातानं लिहिलेली आहेत. ते चुकवू नका. तिथं पायऱ्याही फार नाहीत.

मुलीच्या लग्नासाठी चेक गार्नेटचा सेट घ्यावा म्हणते. ओळखायचा कसा?
(सराफ बाजार परिसर)

आकारावरून सुरुवात करा. अस्सल बोहेमियन गार्नेट म्हणजे पायरोप, गडद लाल आणि बारीक, बहुधा मसुरीपेक्षा लहानच. म्हणूनच जुने दागिने एका फुलात वीस-तीस खडे खेटून बसवतात. करवंदाएवढा लाल खडा स्वस्तात दाखवला तर तो अल्मंडाइन, गार्नेटचाच दुसरा प्रकार. खडा खराच, पण बोहेमियाचा नव्हे, राजस्थानातही निघतो. प्रागहून तो आणण्यात काय हशील? तुर्नोव गावच्या ‘ग्रानात’ सहकारी संस्थेच्या मालावर जी, जी1 किंवा जी2 असा छाप असतो आणि प्रमाणपत्र मिळतं. चांदीवर मुलामा की सोनं, हे पावतीवर लिहून घ्या. गोमेदही गार्नेटच्याच कुळातला, पण त्याचा मधाळ रंग वेगळा.

एका दुकानात एका दिवशी 2,000 कोरुन्यांवर खरेदी झाली तर करपरताव्याचा कागद तिथंच मागा. मूळ कर 21 टक्के, हातात त्याहून कमी येतो. माल न वापरलेला हवा, आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना कस्टमचा शिक्का बॅगा चेक-इन करण्याआधी घ्यायचा. व्हिएन्नाहून परतणार असाल तर शिक्का व्हिएन्नाला.

आम्ही द्राक्ष बागायतदार. सप्टेंबरात जाणं होईल. तिथं बागा दिसतील का?
(निफाड)

शहरातच दिसतील. एका भागाचं नावच ‘विनोह्राडी’, म्हणजे द्राक्षमळे. राजा चौथ्या चार्ल्सनं 1358 ला प्रागभोवती वेली लावण्याचा हुकूम काढला, त्याची खूण. आज तिथं बहुतेक घरंच आहेत, पण ‘ग्रेबोव्का’ बागेच्या उतारावर वेली टिकून आहेत, आणि किल्ल्याच्या पूर्वेला सेंट वेन्सेस्लासची बाग. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या लागतात. तिथं हिवाळ्यात वेल पूर्ण निजते, छाटणी एकच, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. उताराचं तोंड दक्षिणेला का आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या दिवसांत ‘बुर्चाक’ मिळतो, अर्धवट आंबलेला, गढूळ, गोडसर रस. कायद्यानं तो 1 ऑगस्ट ते 30 नोव्हेंबर एवढाच विकता येतो. गोड लागतो म्हणून पाण्यासारखा पिऊ नका, पोटात गेल्यावरही त्याचं काम चालूच असतं. आणि बाटली हॉटेलवर नेलीत तर झाकण घट्ट लावू नका, आडवीही ठेवू नका. आंबणं थांबलेलं नसतं. वायू कोंडला की रात्रीतून बाटली फुटते आणि सूटकेसमधले कपडे जातात.