एस्वातिनी अजूनही तैवानला मान्यता का देतो? फक्त मदतीसाठी का?

मदत हे मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. दक्षिण आफ्रिका खंडातला हा छोटा देश, एस्वातिनी (तेव्हाचा स्वाझीलँड), १९६८ मध्ये स्वतंत्र झाला, त्याच वर्षी तैवानशी राजनैतिक संबंध जुळले आणि आजवर तुटलेले नाहीत. तैवानचे डॉक्टर राजधानी म्बाबानेच्या सरकारी रुग्णालयात काम करतात, कृषितज्ज्ञ येतात, विद्यार्थ्यांना तैवानमध्ये शिकायला शिष्यवृत्ती मिळते. जेमतेम बारा लाख वस्तीच्या देशात एवढ्याचंही वजन खूप. शिवाय सत्ता राजाच्या हाती एकवटलेली, त्यामुळे निवडणुकीनंतर परराष्ट्र धोरण उलटण्याचा प्रश्न येत नाही. माझ्या मते हेच जास्त निर्णायक आहे. कारण नुसत्या मदतीने मैत्री टिकत नाही: पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोलाही तैवानची मदत मिळत होती, तरी २०१८ मध्ये त्याने तैवानशी संबंध तोडून चीनची वाट धरली.