नेदरलँड्समध्ये आमच्या तळ्याकाठी पाणकावळ्यांची वसाहत झाली आहे. हे आले कुठून, आणि घरटी पाडली तर जातील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. घरटी पाडली की पाणकावळे पांगतात, आणि एका वसाहतीच्या तीन होतात. शिवाय युरोपीय संघाच्या १९७९च्या पक्षी निर्देशानुसार विणीतली घरटी मोडायला बंदी आहे. मासेमारीचं गंभीर नुकसान होतंय आणि दुसरा समाधानकारक उपाय नाही, हे प्रशासनाला पटलं तरच अपवाद म्हणून परवाना मिळतो.

आता आले कुठून. भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसणारा मोठा पाणकावळा आणि तुमच्या तळ्यावरचा पाणकावळा ही एकच जात, उपजातही तीच: सिनेन्सिस. अटलांटिक किनाऱ्यावरचे त्याचे भाऊबंद बहुतेक कड्यांवर घरटी करतात. हा मात्र गोड्या पाण्याकाठच्या झाडांवर, आणि बेट सुरक्षित असेल तर सरळ जमिनीवरही.

१९६०च्या सुमारास वायव्य युरोपात या उपजातीच्या जेमतेम चार हजार जोड्या उरल्या होत्या. मासे खातो म्हणून दोन-तीन पिढ्या त्याला गोळ्या घातल्या गेल्या, झाडं तोडली गेली, त्यात डीडीटीसारखी विषं पाण्यात उतरली. नेदरलँड्सनं १९६५ला संरक्षण दिलं, डेन्मार्कनं १९८०ला. त्याच सुमारास शेतातली खतं आणि सांडपाणी उतरून तळी सकस झाली होती आणि लहान मासे वाढले होते. म्हणजे शिकार थांबली तेव्हा ताट वाढलेलंच होतं. समुद्र हटवून केलेल्या फ्लेव्होलँडमधल्या ओस्टफार्डर्सप्लासन पाणथळीत १९७८ला वसाहत सुरू झाली आणि १९९२पर्यंत ती आठ हजार जोड्यांवर गेली. डेन्मार्कमध्ये १९८०ला दोन हजारांच्या आसपास असलेल्या जोड्या १९९०च्या दशकात चाळीस हजारांच्या घरात पोचल्या.

हा प्रसार तेलाच्या डागासारखा कडेकडेनं होत नाही, उड्या मारत होतो. इंग्लंडमध्ये एसेक्सच्या अ‍ॅबर्टन जलाशयावर १९८१ला झाडांवर नऊ जोड्या बसल्या. स्वित्झर्लंडच्या तळ्यांवर हे पक्षी आधी फक्त हिवाळ्याचे पाहुणे होते. पहिली वीण २००१ला न्यूशातेल तळ्यावर झाली. फिनलंडमध्ये १९९६ला. उडी मारतात ती तरणी पाखरं. एकदा वीण केलेला पाणकावळा सहसा जुनी जागा सोडत नाही. पहिली वीण साधारण तिसऱ्या वर्षी होते. त्याआधीचे एक-दोन उन्हाळे तो वेगवेगळ्या वसाहती बघत हिंडतो. जुन्या वसाहतीत दाटी झालेली असते, पिल्लांच्या वाट्याला मासे कमी येतात, म्हणून तो दुसरीकडे ठाण मांडतो. तेही एकटा नाही: जिथे आधीच पाणकावळे रात्री मुक्कामाला असतात किंवा राखी बगळ्यांची घरटी आहेत, तिथेच. रंगीत कड्या घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदींतून हे स्पष्ट दिसलं आहे.

त्यामुळे नवी वसाहत आधी ओळखता येते. उन्हाळ्याच्या शेवटी पांढुरक्या पोटाची तपकिरी तरणी पाखरं झाडावर काड्या घेऊन खेळताना दिसली, तर पुढच्या वसंतात घरट्यांची अपेक्षा ठेवा. पहिल्या वर्षीची घरटी थोडी आणि उशिराची असतात. मोजायचं ते पक्षी नाहीत, वापरातली घरटी. पानं दाट होण्याआधी एकदा आणि एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत पुन्हा, दुर्बिणीनं, लांबूनच. जवळ गेलात की मोठे उडतात आणि कावळे अंडी पळवतात. मुक्कामाच्या थव्याला वसाहत समजणं ही नेहमीची चूक.

अंडी तीन-चार, उबवण सुमारे महिनाभर, पिल्लं पन्नासेक दिवसांत उडतात. एक मोठा पक्षी दिवसाला साधारण अर्धा किलो मासे खातो. तीस जोड्यांचे तीस किलो असा हिशेब मांडून लोक घाबरतात, पण हे पक्षी वीस-वीस किलोमीटरवर जाऊन मासे मारतात. सगळा भार तुमच्या तळ्यावर नसतो. छोट्या मत्स्यतळ्याला मात्र खरा फटका बसतो. तिथे पाण्यावर आडव्या तारा ताणणं आणि माशांना लपायला फांद्यांचे भारे टाकणं हे उपाय परवडतात.

डेन्मार्कमध्ये परवान्यानं जमिनीवरच्या घरट्यांतल्या अंड्यांना तेल लावतात. कवचाची छिद्रं बुजून आतला गर्भ मरतो, पण पक्षी उबवतच राहतो. अंडी उचलून नेली तर तो पुन्हा घालतो, हंगाम लवकरचा असेल तर हमखास. झाडावरच्या घरट्यांना हा उपाय चालत नाही.

वाढीलाही मर्यादा असतेच. ओस्टफार्डर्सप्लासनचा आकडा १९९२नंतर खाली आला. डेन्मार्कमध्येही २००९-१० आणि २०१०-११च्या कडक हिवाळ्यांनंतर जोड्या घटल्या. तुमच्या काठची विलोची झाडंही शीट पडून आणि काड्यांसाठी फांद्या ओरबाडल्या जाऊन काही वर्षांत वाळतील. तेव्हा घरटी शेजारच्या झाडांवर सरकतील. वाळलेलं झाड लगेच तोडायची घाई नको. त्यावर जोवर घरटी टिकतात, तोवर शेजारची हिरवी झाडं वाचतात.