शेवटच्या सेकंदाची बोली: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की किंग जॉर्ज पाचव्याच्या काळातल्या नाशिक प्रिंट (नाशिकला छापलेल्या) पोस्टाच्या तिकिटांचा एक लॉट, म्हणजे एकत्र विकायला काढलेला संच, मी ऑनलाइन लिलावात अगदी शेवटच्या आठ सेकंदांत बोली लावून घेतला. त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. माझे वडील नाशिकरोडच्या तिकिटं छापणाऱ्या प्रेसमध्ये होते, तिकिटांचं वेड घरातूनच लागलं, आणि ऑनलाइन लिलावात मी वीसेक वर्षं आहे, त्यामुळे जे सांगतेय ते बरंचसं स्वतःचे पैसे घालून शिकलेलं आहे.

कॉलेज रोड, नाशिक: ताई, ईबेवर ब्रिटिश इंडियाच्या तिकिटांचा एक लॉट होता, मी आधीच ६० डॉलर भरून ठेवले होते, सहा दिवस ४१ डॉलरवर मीच पुढे होतो. शेवटच्या चार सेकंदांत कोणीतरी घुसला आणि ६१ ला घेऊन गेला. मला खरं तर ८० पर्यंत परवडत होतं हो! हे नियमात बसतं का? फसवणूक नाही का ही?

नियमात बसतं. याला स्नायपिंग म्हणतात आणि ईबेने, म्हणजे या लिलावाच्या वेबसाइटने, त्याला बंदी घातलेली नाही. राग येतो हे खरंय, मलाही पहिल्यांदा रात्रभर झोप लागली नव्हती. पण तुमचा लॉट त्या चार सेकंदांमुळे नाही गेला, तो ६० या आकड्यामुळे गेला.

ईबेवर तुम्ही भरता ती बोली नसते, ती तुमची कमाल मर्यादा असते. सिस्टिम ती कोणाला दाखवत नाही आणि तुमच्या वतीने गरजेपुरतीच पुढे सरकते. दुसऱ्या कोणीतरी ४० भरले होते म्हणून तुमचा भाव ४१ दिसत होता, त्या टप्प्यावर एका वेळची वाढ १ डॉलरची असते. मग तो शेवटचा माणूस आला, त्याने कदाचित ६५ भरले असतील, कदाचित २०० भरले असतील, तुम्हाला कळणार नाही, सिस्टिमने तुमच्या ६० वर १ चढवून ६१ ला तोडलं. म्हणजे "त्याने ६१ लावले, मी ६२ लावले असते तर" हा हिशोबच चुकीचा आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी ८० भरले असते आणि त्याची मर्यादा ६५ असती, तर लॉट तुम्हाला ६६ ला मिळाला असता. त्याची मर्यादा १०० असती तर तो जाणारच होता, आणि जाऊ द्यायलाच हवा होता.

दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्यावर किंमत ठरवायची ही पद्धत इंटरनेटने आणलेली नाही बरं का, तिकिटवाल्यांकडे ती १८९० च्या दशकापासून आहे, पोस्टाने बोली मागवायचे आणि जिंकणाऱ्याकडून दुसऱ्याच्या बोलीच्या आसपासचे पैसे घ्यायचे. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये त्याचं गणित मांडलं, की अशा लिलावात आपल्याला वस्तू खरोखर जेवढ्याची वाटते तेवढाच आकडा भरणं सगळ्यात फायद्याचं, कमी भरून काही वाचत नाही. त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं, आणि जाहीर झाल्यावर तीनच दिवसांत ते गेले.

मग तुम्ही विचाराल की आकडाच महत्त्वाचा तर मी शेवटचे आठ सेकंद उरेपर्यंत थांबले कशाला? कारण समोरची माणसं या गणिताने वागत नाहीत. बरेच जण कुरतडत बोली लावतात, ४१ वर गेलं की ४२, मग ४५, मग ईर्षेला पेटतात आणि ठरवलं होतं त्याच्या दुप्पट जातात. तुम्ही सहा दिवस आधी ८० भरले की त्यांना कुरतडायला सहा दिवस मिळतात. शेवटच्या क्षणी भरले तर त्यांना उत्तर द्यायला वेळच उरत नाही. दुसरं कारण जुन्या वस्तूंमध्ये जास्त लागू पडतं: जाणकाराने बोली लावली की बाकीच्यांना वास येतो की यात काहीतरी आहे. आल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांचा अभ्यास छापला, त्यात ईबेवर उशिरा येणाऱ्या बोली कितीतरी जास्त होत्या, त्यातही अनुभवी लोकांच्या जास्त, आणि कॉम्प्युटरपेक्षा अँटिकमध्ये जास्त. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण मी जे अंदाजाने करत होते त्यामागे कारण होतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहा, पोस्टेज आणि कस्टम धरून. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा, ते बहुतेकांचे बंद असतात आणि जिंकल्यावर पैसे भरताना धावपळ होते. शेवटचं मिनिट लागलं की आकडा टाकून कन्फर्मच्या पानावर थांबा, आठ-दहा सेकंद राहिले की दाबा. तीन सेकंदांपर्यंत ताणू नका, नेट एकदा अडकलं की संपलं. आणि घाईत शून्य जास्त पडलं तर लिलाव संपल्यावर बोली मागे घेता येत नाही, म्हणून आकडा आधीच टाकून, नीट वाचून ठेवायचा.

वेळेचंही बघा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळचे ६ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा, पण हे त्यांच्या उन्हाळ्यात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं बदलली की तेच साडेसात होतात आणि मार्चमध्ये पुन्हा साडेसहा. मी एका मार्चमध्ये सवयीने साडेसातचा गजर लावून उठले तेव्हा लिलाव संपून तास झाला होता, चहाचा कप तसाच राहिला.

आणखी एक, बोली सारखीच निघाली तर आधी भरणारा जिंकतो. मी एकदा एका फर्स्ट डे कव्हरला (तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट) शेवटच्या क्षणी बरोबर ५० भरले, कोणीतरी चार दिवस आधी ५० च भरून ठेवले होते, त्यालाच गेलं. तेव्हापासून गोल आकडा नाही. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो ना, तसं ५१.३७ वगैरे भरते.

सातपूर: मी शिफ्टमध्ये काम करतो, सकाळी साडेसहाला मशीनवर असतो. आपोआप बोली लावणारं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे, वापरू का?

मिळतं आणि चालतंही, तुम्ही लॉट आणि आकडा देऊन ठेवायचा, ते शेवटच्या काही सेकंदांत भरतं. पण त्यातल्या बऱ्याच सेवा तुमच्या खात्याचा पासवर्ड मागतात, आणि त्या खात्याला तुमचं कार्ड जोडलेलं असतं. मी स्वतः देत नाही. तुमच्या जागी मी असते तर शिफ्टला जायच्या आधी खरी कमाल रक्कम भरून निघून गेले असते. कुरतडणाऱ्यांमुळे थोडं महाग पडेल कधी कधी, पण शांत डोक्याने भरलेला आकडा कामावरून येऊन पश्चात्ताप करण्यापेक्षा बरा.

पिंपळगाव बसवंत: आमचा कांद्याचा व्यापार, बोली लावण्यात आयुष्य गेलंय. आता नाण्यांचा नाद लागलाय. एका भारतीय ऑनलाइन लिलावात चांदवडी रुपयावर शेवटच्या १५ सेकंदांत बोली लावली, तर वेळ वाढला! मग परत लावली, परत वाढला. असं पाच-सहा वेळा झालं आणि मी ठरवलेल्यापेक्षा बरंच जास्त देऊन बसलो. हे काय प्रकरण आहे?

भाऊ, हे प्रकरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त स्क्रीनवर ओळखलं नाहीत. तुमच्या मार्केटात ट्रॅक्टर-पिकअपची रांग लागते, एकेका गाडीपाशी बोली चढत जाते आणि पुढे कोणी बोलत नाही तेव्हाच सौदा तुटतो. तिथे कोणी घड्याळ बघून ओरडतं का की दहा वाजले, आता जो शेवटचा बोलला त्याचा माल? नाही ना. एकवार, दोनवार, तीनवार म्हणायचं ते यासाठीच, की दुसऱ्याला उत्तर द्यायला वेळ मिळावा. वेळ वाढणारा ऑनलाइन लिलाव तेच करतो. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुढे सरकतं. अॅमेझॉनचे जुने लिलावही असेच होते, सलग १० मिनिटं कोणी बोललं नाही तरच संपायचे, आणि म्हणूनच तिथे शेवटच्या सेकंदाची धावपळ कमी होती.

तर कुठल्याही साइटवर नाव नोंदवायच्या आधी नियमांत एकच ओळ शोधा, लिलाव ठरलेल्या वेळेला बंद होतो की बोली आली तर वाढतो. ठरलेल्या वेळेला बंद होत असेल तर उशिरा या. वाढत असेल तर शेवटच्या १५ सेकंदांना काहीच अर्थ नाही, उलट रात्री अकरा वाजता दोन माणसं एकमेकांच्या ईर्षेवर बसलेली असतात आणि घड्याळ दोघांना आणखी आणखी संधी देत राहतं. तुमचं तेच झालं. तिथे सरळ कमाल बोली भरायची सोय असेल तर ती भरा आणि जेवायला बसा.

आणि जास्त गेलेल्या पैशातला एक भाग तुम्ही धरलाच नसेल, तो म्हणजे बायर्स प्रीमियम, बोलीच्या वर लिलाव करणारे घेणाऱ्याकडून घेतात ते कमिशन. समजा ८,००० ला हातोडा पडला आणि प्रीमियम १५ टक्के असला तर ९,२०० झाले, वर कर, वर कुरिअर. हे दर प्रत्येक लिलावाचे वेगळे, नियमांतच दिलेले असतात. मी उलटीकडून मोजते, घरात येईपर्यंत किती द्यायचे ते ठरवते आणि त्यातून मागे येत बोली काढते.

चांदवडचा रुपया घेतलात याचा मात्र मला मनापासून आनंद झाला. होळकरांच्या टांकसाळीचं नाणं नाशिक जिल्ह्यातल्या घरात परत आलं. बाकीच्यांची माहिती वाढावी म्हणून सांगते, याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली होती, क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता.

चांदवड: आजोबांच्या पेटीत असेच रुपये निघालेत. ईबेवर डॉलरमध्ये विकले तर?

नका. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. देशातल्या देशात काय करायचं ते आधी नीट चौकशी करून ठरवा, आणि तोवर कृपा करून चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, किंमत तिथेच निम्मी होते. एखाद्या रविवारी त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय बघून या, आपल्याकडे काय आहे याचा अंदाज तरी येईल.

इंदिरानगर, नाशिक: बँकेने जप्त केलेला एक फ्लॅट ई-लिलावात निघालाय, राखीव किंमत ३२ लाख. शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत गप्प बसून मग एकच बोली लावायची असा विचार आहे, जमेल का?

बसा गप्प, पण त्याचा फायदा धरू नका. या लिलावांत बहुतेक ठिकाणी शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली की आणखी ५ मिनिटं मिळतात, म्हणजे पिंपळगावचंच उत्तर तुम्हालाही. मला काळजी वेगळी वाटते. अनामत साधारण राखीव किमतीच्या १० टक्के असते, म्हणजे ३ लाख २० हजार, आणि ती व कागदपत्रं लिलावाच्या आधीच ठरलेल्या मुदतीत गेली पाहिजेत, त्या दिवशी लॉगिन करून नाही चालत. समजा ३६ लाखांना तुमच्या नावावर तुटला. तर एकूण २५ टक्के, म्हणजे ९ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावे लागतात, अनामत त्यातच धरली तरी ५ लाख ८० हजार रोख तयार हवेत. उरलेले २७ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या वर नाही. नाही भरले तर आधीचे जप्त.

होम लोनवर अवलंबून असाल तर कर्ज देणाऱ्या बँकेशी लिलावाच्या आधी बोला, जिंकल्यावर नाही. फ्लॅट प्रत्यक्ष बघा, ताबा कोणाकडे आहे विचारा, सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, पाणीपट्टी, सगळं, कारण आहे तसं आणि आहे तिथे या अटीवर विकतात आणि नंतर तक्रारीला जागा राहत नाही. वकिलाला नोटीस दाखवा. नात्यातल्या एका मुलाने हे न करता बोली लावली होती, आत भाडेकरू निघाला, दीड वर्ष त्याच्या मागे गेलं.

नाशिकरोड: गाडीला एमएच १५ च्या आवडीच्या नंबरसाठी आम्ही दोघं अर्जदार निघालो. आरटीओने बंद पाकिटात वाढीव रकमेचा डीडी द्यायला सांगितलाय. इथेही खरी कमाल रक्कम टाकायची का?

नाही, इथे उलटं आहे. ईबेवर जिंकलात तर दुसऱ्याच्या आकड्याच्या जरा वर एवढेच पैसे द्यावे लागतात, इथे जिंकलात तर पाकिटातली सगळी रक्कम जाते. तेव्हा नंबर तुम्हाला जेवढ्याचा वाटतो त्याच्या बरंच खाली या. किती खाली ते समोरचा किती हौशी आहे यावर, तो तुम्हाला दिसलाच असेल काउंटरवर. शेवटच्या मिनिटाचा इथे काही संबंध नाही, पाकीट वेळेत पोचवा. डीडी २५,००० चा काढणार असाल तर २५,१०१ चा काढा, समोरचाही पंचवीसच आणण्याची शक्यता बरीच असते.