डायलिसिस चुकण्याची वेळ आली तर घरात खायला काय असावं?

तुम्ही विचारलंय की आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा होतं, पण वादळ, पूर किंवा लांबलेल्या वीजबंदीमुळे सेंटर गाठता आलं नाही तर तिला काय द्यायचं आणि आधीपासून काय साठवायचं.

माझे वडील सहा वर्षं हिमोडायलिसिसवर होते, म्हणजे मूत्रपिंडं काम करत नसल्याने त्यांचं रक्त मशीनमधून शुद्ध करावं लागायचं. एकदा रस्ते बंद पडल्याने त्यांची डायलिसिसची एक पाळी चुकली आणि दोन डायलिसिसमध्ये पाच दिवसांचं अंतर पडलं. तेव्हा घाबरून मी एक चूक केली, ती आधी सांगते. खाल्लं की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि ते हृदयाला धोक्याचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी त्यांना जवळजवळ उपाशीच ठेवलं. नंतर आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की पोटात अन्न नसलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून ऊर्जा मिळवतं, आणि त्या पेशींमधलं पोटॅशियम रक्तातच उतरतं. म्हणजे ज्याला मी भीत होते तेच उपासाने घडत होतं. आईला उपाशी ठेवू नका. फक्त ऊर्जा कशातून द्यायची हे बदला.

या दिवसांसाठी साधारण तीन दिवसांचा आणीबाणीचा आहार ठरवून ठेवतात. त्यात दिवसाला सुमारे 40 ग्रॅम प्रथिनं, 1500 मिलिग्रॅम सोडियम, 1500 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि सगळं मिळून अर्धा लिटरच्या आसपास द्रव असतो. हे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून आईपुरते ठरवून घ्या. तिला अजून लघवी होत असेल तर पाण्याचा हिशोब वेगळा असेल. एरवी डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिनं जास्त खायला सांगतात, म्हणून 40 हा आकडा उलटा वाटतो. पण प्रथिनांतून तयार होणारा युरिया हा टाकाऊ पदार्थ काढायला मशीन नसेल तर तो साचतच जातो. म्हणून तेवढ्या दिवसांपुरती कपात करायची आणि डायलिसिस सुरू झालं की नेहमीच्या आहारावर परतायचं.

मग ऊर्जा कुठून आणायची? पांढरा भात, पांढरा ब्रेड, मीठ नसलेली बिस्किटं, साखर, मध, जॅम, तेल, बिनमिठाचं लोणी. एरवी आरोग्यदायी म्हणून सांगितलं जाणारं कोंड्याचं धान्य इथे मागे पडतं, कारण त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त असतात. फळांत सफरचंद, नासपती, अननस चालतात. डब्यातली घेतली तर पाक ओतून द्या, कारण पोटॅशियम त्यातही उतरलेलं असतं आणि तो द्रवातही मोजला जातो. प्रथिनांसाठी अंडं, किंवा कमी मिठाचा डबाबंद मासा किंवा चिकन, धुऊन आणि थोडंसंच. केळी, संत्री, बटाटा, टोमॅटो, सुका मेवा, कडधान्यं, चॉकलेट आणि नारळपाणी या दिवसांत पूर्ण बंद.

एक गोष्ट जोर देऊन सांगते. मिठाला पर्याय म्हणून विकलं जाणारं 'कमी सोडियमचं' मीठ घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. 'कमी मीठ' लिहिलेल्या डब्यांतही ते सापडतं, म्हणून घटकांची यादी वाचूनच डबा घ्या.

आईला मधुमेह असेल तर साखर उतरल्यावर संत्र्याचा रस देऊ नका. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर जवळ ठेवा. गोड खाणं वाढलं की रक्तातली साखर चढते आणि तहानही लागते, म्हणून मधुमेहींसाठी या आहाराची मापं वेगळी लिहून घ्यायला हवीत.

पाण्याचं पथ्य सगळ्यात अवघड. एक लिटर द्रव अंगात राहिला की वजन एक किलोने चढतं, आणि ते पाणी फुप्फुसांत शिरलं की धाप लागते. आम्ही सकाळीच 500 मिलिलिटरची बाटली भरून ठेवायचो. गोळ्या घेतानाचं पाणी, बर्फ, चहा, सूप, जे काही द्यायचं तेवढं बाटलीतून कमी करायचं. छोटे घोट, चघळायला कडक गोळी, आणि चूळ भरून टाकणं, यावर वडिलांचा बराच वेळ निघायचा. वजनकाटा बिनविजेचा किंवा बॅटरीचा ठेवा आणि रोज एकाच वेळी वजन करा.

हा आहार डायलिसिस चुकल्यावर नाही, वादळाचा किंवा पुराचा इशारा मिळाला की लगेच सुरू करायचा. सेंटरला फोन करून डायलिसिसची पाळी अलीकडे घेता येते का तेही विचारा. वीज गेली तर फ्रिज न उघडता साधारण चार तास थंड राहतो, म्हणून त्यातलं आधी संपवा आणि कोरडा साठा नंतर उघडा. साठ्याच्या पिशवीत डबे उघडायची चावी, औषधं आणि एक कागद असू द्या. त्यावर ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन), औषधांची यादी, शेवटच्या तपासण्या आणि फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) कोणत्या हातात आहे ते लिहा, म्हणजे अनोळखी सेंटरलाही तिला घेणं सोपं जातं. पोटॅशियम उतरवणारी पावडर जवळ ठेवायची का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. स्वतःहून देऊ नका.

धाप लागली, छातीत धडधडलं, हातपाय गळल्यासारखे झाले तर थांबू नका, जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात न्या आणि दारातच सांगा, 'डायलिसिस चुकलंय.' वाढलेलं पोटॅशियम कधी कधी काहीच लक्षण न दाखवता हृदयाचे ठोके बिघडवतं. म्हणून आई बरी दिसत असली तरी रस्ता मोकळा झाल्याबरोबर जे सेंटर चालू असेल तिथे घेऊन जा.