मदतनीस मिळाला, पण शिक्षक दुरावला तर?

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी नाशिकहून इंग्लंडमध्ये स्लाउ येथे राहायला आलो. माझा मुलगा येथील प्राथमिक शाळेत इयर थ्रीमध्ये, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे. त्याचे इंग्रजी कच्चे असल्यामुळे वर्गात त्याच्याजवळ टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिक्षकांचे सहायक बसतील, असे शाळेने कळवले आहे. आम्हाला बरे वाटले. परंतु ओळखीच्या एका पालकांचे म्हणणे असे की, अशा मदतीमुळे मुले आणखी मागे पडतात, हे इथल्याच संशोधनात दिसून आले आहे. हे खरे आहे का? शाळेला नकार कळवावा का?
— एक आई, स्लाउ

उत्तर : नकार कळवण्याचे कारण नाही, मात्र ही मदत नेमकी कशी दिली जाणार आहे, हे शाळेला अवश्य विचारावे. आपल्या परिचितांनी सांगितलेले संशोधन खरे आहे, पण त्याचा पहिला अर्धा भागच लोकांच्या तोंडी राहिला आहे.

शिक्षकांवरील कामाचा भार हलका व्हावा म्हणून २००३ मध्ये सरकार आणि बहुतेक शिक्षक संघटना यांच्यात करार झाला आणि इंग्लंड व वेल्समधील शाळांत सहायक कर्मचाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत गेली. या वाढीचा परिणाम तपासण्याचे मोठे काम त्याच वर्षी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधील प्राध्यापक पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. काही हजार विद्यार्थ्यांच्या इंग्रजी, गणित आणि विज्ञान या विषयांतील प्रगतीचा त्यांनी अभ्यास केला आणि २००९ मध्ये जे निष्कर्ष पुढे आले, ते कोणालाही अपेक्षित नव्हते. ज्या मुलांना सहायकांची मदत अधिक मिळत होती, त्यांची प्रगती तशाच परिस्थितीतील, पण कमी मदत मिळणाऱ्या मुलांपेक्षा कमी झाली होती. ही मुले मुळातच मागे असतील, अशी शंका येथे साहजिक आहे. संशोधकांनीही ती गृहीत धरून मुलांची आधीची पातळी आणि त्यांच्या विशेष गरजा हिशेबात घेतल्या होत्या. तरीही निष्कर्ष तोच राहिला.

असे का घडले, याचे उत्तर त्यांना वर्गातील संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांत सापडले. शिक्षक संकल्पना उलगडून सांगत आणि प्रश्न विचारून मुलाला विचार करायला लावत. सहायकांचे लक्ष मात्र समोरचे काम वेळेत पुरे होण्याकडे असे आणि त्यासाठी पुष्कळदा उत्तरही तेच पुरवत. त्यांना शिक्षकांबरोबर बसून पाठाची आखणी करायला वेळच दिलेला नव्हता, त्यामुळे आज काय शिकवले जाणार आहे हे अनेकांना वर्गात आल्यावरच समजत असे. आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे सहायक शेजारी असल्यामुळे त्या मुलाचा स्वतःच्या शिक्षकांशी येणारा संबंध कमी होत गेला. ज्याला निष्णात शिकवणीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती सर्वांत कमी मिळू लागली. याचे खापर सहायकांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. बहुसंख्येने स्त्रिया असलेला हा वर्ग अल्प वेतनावर मनापासून काम करतो. त्यांना कोणते काम द्यायचे, हे त्या ठरवत नव्हत्या, आणि संशोधकांनीही दोष शाळांच्या नियोजनाकडेच दाखवला होता.

राहिलेला अर्धा भाग आशादायक आहे. सहायकांना रीतसर प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे ठरावीक, आखीव काम सोपवले तर परिणाम बदलतो. चार-पाच वर्षांच्या मुलांची बोलण्याची आणि ऐकून समजण्याची क्षमता वाढवणारा नफील्ड अर्ली लँग्वेज इंटरव्हेन्शन हा कार्यक्रम हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात प्रशिक्षित सहायक सुमारे २० आठवडे लहान गटांत आणि एकेका मुलाबरोबर काम करतात. एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या संस्थेने त्याची मोठ्या प्रमाणावर चाचणी घेतली, तेव्हा सहभागी मुलांची भाषिक प्रगती इतरांपेक्षा सुमारे तीन महिन्यांनी पुढे असल्याचे आढळले.

आता आपल्या मुलाविषयी. घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, एवढ्याच कारणाने मुलाला अध्ययनात अडचण आहे असे मानता येत नाही, हे इंग्लंडच्या २०१४ च्या बालक आणि कुटुंब कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तेव्हा ही मदत इंग्रजीसाठी आहे की शाळेला आणखी काही जाणवले आहे, हे प्रथम विचारावे. त्यानंतर वर्गशिक्षक स्वतः त्याला आठवड्यातून किती वेळा जवळ बसवून शिकवतात, सहायक आणि शिक्षक यांची भेट कधी होते, मुलाला वर्गाबाहेर नेणार असल्यास त्या वेळी कोणता पाठ बुडणार आणि तो कसा भरून काढणार, हे विचारावे. असे प्रश्न विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सरकारने जी आचारसंहिता घालून दिली आहे, तीही असेच सांगते की, मूल सहायकांची मदत घेत असले तरी त्याच्या प्रगतीची जबाबदारी वर्गशिक्षकांचीच असते. घरात मराठी बोलणे मात्र थांबवू नये. ऑक्सफर्डचे प्राध्यापक स्टीव्ह स्ट्रँड यांच्या अभ्यासांतून दिसते की, मुलाचे शालेय यश इंग्रजीवरील प्रभुत्वावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. घरी दुसरी भाषा बोलली जाते, ही गोष्ट त्याच्या आड येत नाही.

प्रश्न : माझी नात लंडनजवळ पहिलीच्या वर्गात शिकते. जूनमध्ये शाळेत तिची वाचनाची चाचणी होणार आहे आणि तिच्याकडून चक्क निरर्थक शब्द वाचून घेतले जात आहेत. अर्थ नसलेले शब्द वाचून मूल काय शिकणार?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : या शब्दांतून तिला काही शिकवायचे नसते; अक्षरांना जोडलेले ध्वनी एकत्र करून ती वाचू शकते का, एवढेच पाहायचे असते. ओळखीचा शब्द मूल आठवणीने किंवा चित्रावरून सांगू शकते, न ऐकलेला शब्द मात्र वाचल्याशिवाय सांगता येत नाही. मराठीत बाराखडी पक्की झाली की मूल कोणताही शब्द वाचते, पण इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होत असल्यामुळे हे कौशल्य वेगळे तपासावे लागते. इंग्लंडमध्ये ही चाचणी २०१२ पासून होते. तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यांपैकी २० बनावट असतात. २०१२ मध्ये ५८ टक्के मुलांनी अपेक्षित पातळी गाठली होती. २०१९ मध्ये हे प्रमाण ८२ टक्के झाले.

आपल्या शंकेत तथ्य आहेच. ध्वनींच्या आधारे वाचन शिकवण्याच्या या पद्धतीला बळ देणारा प्रसिद्ध अभ्यास स्कॉटलंडमधील क्लॅकमननशर येथे झाला. तिथली मुले प्राथमिक शाळेच्या अखेरीस शब्दवाचनात आपल्या वयाच्या साडेतीन वर्षे पुढे होती, पण वाचलेले समजण्यात केवळ साडेतीन महिने पुढे होती. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. चाचणीची काळजी शाळेवर सोडावी आणि आपण दूरध्वनीवरून नातीला गोष्टी वाचून दाखवाव्यात, त्यांवर तिच्याशी भरपूर बोलावे. अर्थाची बाजू तिथेच भरून निघते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. प्रगत आणि अप्रगत मुलांचे वेगवेगळे वर्ग करावेत, असा आग्रह आमच्या गावातील काही पालक धरत आहेत. ब्रिटनमध्ये असे करतात, असा त्यांचा दाखला आहे. तिथला अनुभव काय सांगतो?
— एक शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत, विशेषतः गणितासाठी, असे गट सर्रास केले जातात, हे पालकांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यामुळे सर्वांचे भले होते, याला तिथल्या पुराव्यांचा आधार मिळत नाही. एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने एकत्र केलेल्या अभ्यासांत सरासरी परिणाम जवळजवळ शून्य दिसतो. शिक्षण-संशोधक बेकी फ्रान्सिस यांच्या नेतृत्वाखाली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये झालेल्या संशोधनाने त्याहून अस्वस्थ करणारी बाब पुढे आणली. अनेक मुले त्यांच्या आधीच्या गुणांवरून ज्या गटात असायला हवीत, त्या गटात नव्हतीच, आणि कृष्णवर्णीय मुलांची नेमणूक खालच्या गटात होण्याची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा अधिक होती. खालच्या गटांना विषयात कमी पात्रता असलेले शिक्षक मिळण्याची शक्यताही जास्त होती, आणि वरच्या व खालच्या गटांतील मुलांच्या आत्मविश्वासामधील अंतर काळाबरोबर वाढत गेले. एकदा खालच्या गटात गेलेले मूल बहुधा तिथेच राहते, आणि ही मला सर्वांत क्लेशदायक गोष्ट वाटते.

‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने आपल्याकडे रुजवलेली पातळीनुसार शिकवण्याची पद्धत आपण पाहिली असेल. तिच्यात दिवसातील थोडा वेळ, केवळ वाचन आणि मूलभूत गणित यांसाठी गट होतात, मुलांची पुन्हापुन्हा चाचणी घेतली जाते आणि प्रगती झाली की मूल लगेच पुढच्या गटात जाते. बाकीचा दिवस सर्व मुले एकाच वर्गात असतात. पालकांना हा फरक समजावून सांगावा आणि असे तासाभराचे गट करणार असाल, तर अक्षरओळखीपाशी अडलेल्या मुलांचा गट शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षकांकडे द्यावा.